खारेपाटणचे दोन ताम्रपट व पोथ्यांच्या याद्या

खारेपाटण येथें सांपडलेले शिलाहारांचे दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत. पहिला दक्षिण कोंकणच्या शाखेंतील रट्टराजाचा, शके ९३० कीलक संवत्सरांतील. दुसरा उत्तर कोंकणच्या शाखेंतील अनंतदेवाचा, शके १०१६ भाव संवत्सरांतील. पहिल्यांत मत्तमयूर परंपरेंतील आत्रेय नामक शैव आचार्यास अव्वेश्वराच्या देवालयाकरितां गांवें दिलीं असून राष्ट्रकूटांची वंशावळहि त्यांतच आली आहे. दुसऱ्यांत दोघां अमात्यांच्या नौकांस स्थानक, नागपुर, शूर्पारक इत्यादि बंदरांत जकात माफ केली आहे. कुल एक, परंतु शाखा भिन्न, विषय भिन्न, अंतर ८६ वर्षांचें. असें असतां यादींत केवळ ‘खारेपाटण ताम्रपट’ एवढीच नोंद आढळल्यास वाचकानें काय समजावें? सांपडल्याचें ठिकाण ही नोंदींतील एक बाब होय. तीच लेखाची ओळख नव्हे. राजा व शक हीं सोबत हवींतच.

पोथ्यांच्या संबंधांत हा घोटाळा अधिकच होतो. वेष्टनावर कोणीं तरी मागाहून लिहिलेलें नांव यादींत उतरतें व शेवटची पुष्पिका कोणी वाचीत नाहीं. ‘लेखक’ या सदरांत एके ठिकाणीं ग्रंथकार, तर दुसरे ठिकाणीं नकलकार येऊन बसतो. हीं दोन सदरें निराळींच असावींत.

कालाविषयीं एक सोपी कसोटी आहे. शकाच्या अंकांत १२ मिळवून ६० नीं भागावें. बाकी राहील तितकावा प्रभवादि संवत्सर. ९३० स बाकी ४२ येते, तो कीलक. १०१६ स ८, तो भाव. दोन्ही ताम्रपट या कसोटीस उतरतात. पोथींतील शक व संवत्सर जुळत नसतील तर अंक वाचण्यांत चूक झाली, कीं विक्रम संवतास शक समजलें गेलें, हें पाहावें. त्या दोहोंत १३५ वर्षांचें अंतर पडतें. उत्तरेकडील पोथीस मात्र हा नियम लावूं नये, कारण तिकडील बार्हस्पत्य गणना निराळी आहे.

परंतु ही कसोटीहि पुरी पडत नाहीं, याचा अनुभव आम्हांस आहे. कोंकणांतील एका घरचे रुमाल तपासतांना एका पोथीचा शक व संवत्सर बरोबर जुळले, म्हणून आम्हीं तो लेखनकाल म्हणून नोंदिला. पुढें कागद उजेडासमोर धरतां आंत गिरणीच्या कागदाचा छाप दिसला! नकलकारानें मूळ प्रतीची पुष्पिका तारखेसकट उतरली होती. तोंपर्यंत आमची नोंद दुसऱ्या एका यादींत जाऊन पोहोंचली होती व तीवरून त्या ग्रंथाची ‘जुनी प्रत’ म्हणून एका लेखांत उल्लेखहि झाला होता. दोष सर्वस्वीं आमचा. तेव्हांपासून पुष्पिका जशीच्या तशी, अशुद्धांसह, उतरून घ्यावी व आपलें अनुमान तिच्याखालीं निराळें लिहावें, असा परिपाठ आम्हीं ठेविला आहे.

चुकीची नोंद खोडून टाकूं नये. जुना क्रमांक कायम राखून तिच्याशेजारीं दुरुस्ती, दुरुस्तीची तारीख व करणाराचें नांव लिहावें. म्हणजे जुन्या यादीवरून येणाऱ्या शोधकास आपली पोथी सांपडते.