हाडमोड्या ताप आणि आपले रक्त

पावसाळा सरतो. शिरपूरच्या शिवारात कापूस फुटू लागतो. हेच दिवस हाडमोड्या तापाचे. डोके ठणकते, डोळ्यांच्या मागे दुखते, हाडन् हाड मोडून येते. डॉक्टर या तापाला डेंगी म्हणतात.

एका डासाची मादी हा ताप आणते. अंगाने काळी, त्यावर पांढरे पट्टे, चावते दिवसा. तिच्या लाळेबरोबर अतिशय बारीक विषाणू आपल्या रक्तात उतरतात.

आता रक्त तयार कोठे होते ते पाहू. छातीच्या, कमरेच्या, कण्याच्या हाडांत मगज असतो. तेथे रक्तातल्या पेशी रोज नव्या तयार होतात. तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट. जखम झाली की रक्त थांबवायला प्लेटलेट धावतात. मोहरीच्या दाण्याएवढ्या रक्तात त्या सुमारे १॥ ते ४ लाख असतात.

विषाणू मगजात शिरले की पहिले ३-४ दिवस तेथले काम मंदावते. शिवाय रक्तातल्या प्लेटलेटही भराभर नष्ट होतात. आवक कमी, खर्च जास्त! म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी आकडा तळाला जातो. घरचे घाबरतात. पण तोवर मगजात काम पुन्हा सुरू झालेले असते. पुढच्या काही दिवसांत बहुतेकांचा आकडा आपोआप चढतो. श्रेय मात्र पुष्कळदा पपईच्या पानांना मिळते, बरं का!

आम्हांला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. या तापात बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातले पाणी बाहेर जाते, रक्त दाट होते, हातपाय गार पडतात. आणि हे केव्हा? ताप उतरताना! माणूस म्हणतो, "बरं वाटतंय, वेचणीला जातो." तेच दोन दिवस जपायचे असतात. पोटात कळा, सारखी ओकारी, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, सुस्ती यांतले एक दिसले तरी लगेच दवाखाना गाठावा. तापाला डॉक्टर सांगतील तेवढे पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. त्यांनी रक्त वाहण्याचा धोका वाढतो. पेज, ताक, पाणी देत राहावे.

शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले खोल करून बंधारे बांधले. कोणी म्हणेल, डास तिथलेच. तसे नाही. या डासाला घरचे साठवलेले पाणी लागते. रांजण, टाकी, कूलर, अंगणातले जुने टायर. अंडी भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटतात आणि वाळली तरी महिनोन् महिने टिकतात. अंड्यापासून डास व्हायला ८-१० दिवस पुरतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. दर आठवड्याला रांजण आतून घासून काढावा लागतो.