तापलेल्या फटफटीचा रुसवा

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यात वैशाखातील दुपार मोठी कठोर असते. कापूस निघून गेलेली काळी शेते उघडी पडलेली, चुनखडी आणि सिमेंट वाहणाऱ्या मालमोटारींनी रस्त्यावर धुरळा उडवलेला आणि पारा ४५ अंशांच्याही वर! अशा वेळी गडचांदूरहून माणिकगडाचा डोंगर चढून जिवतीकडे निघालेला एखादा आरोग्यसेवक पाणी पिण्यासाठी मोहाच्या सावलीत फटफटी उभी करतो. दहा मिनिटांनी तो किक मारतो, तर एंजिन ढिम्म! किक मारून मारून तो घामाघूम होतो. त्याच्यापाशी लसींची पेटी असेल, तर तिच्यातील बर्फ काही त्याच्यासाठी थांबत नाही. मग अर्ध्या तासाने, काहीच दुरुस्ती न करता, तीच फटफटी पहिल्या किकला सुरू होते. हा रुसवा कसला?

मुलांनो, थांबलेले एंजिन लगेच निवू लागते, असे तुम्हांला वाटत असेल. एंजिनाचे सगळेच भाग तसे वागत नाहीत. फटफटी धावत असते तेव्हा समोरून येणारा वारा एंजिनाच्या धातूच्या पाकळ्यांतून खेळतो व उष्णता वाहून नेतो. शिवाय कार्ब्युरेटरमधून सतत नवे, त्या मानाने थंड पेट्रोल जात असते. फटफटी थांबली की वाराही थांबतो आणि पेट्रोलही. एंजिनाच्या पोटात साठलेली उष्णता मग शेजारच्या भागांत पसरते. म्हणून कार्ब्युरेटर धावताना जितका तापला नव्हता, तितका तो थांबल्यावर तापतो.

पाणी १०० अंशांना उकळते. पेट्रोलचे हलके अंश मात्र सुमारे ३५ अंशांपासूनच उकळू लागतात. तापलेल्या कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल खदखदू लागले, की कधी नळीत वाफेचे बुडबुडे अडकून त्याची वाट अडते, तर कधी नको तितके पेट्रोल एंजिनात शिरून प्लग ओला होतो. या दुसऱ्या प्रसंगी पुष्कळ जण चोक ओढतात. चोक हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. थंडीतल्या सकाळी ते योग्य. येथे ते आगीत तेल ओतण्यासारखे होय. त्याऐवजी चोक बंद ठेवून, मूठ पूर्ण पिळून चार-दोन किक माराव्यात, म्हणजे भरपूर हवा आत जाऊन साठलेली वाफ बाहेर पडते.

टाकीच्या झाकणालाही एक बारीक छिद्र असते. पेट्रोल जसजसे खाली उतरते, तसतशी तेथून हवा आत येते. आमच्याकडच्या धुरळ्याने ते बुजले, तर टाकीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल उतरेनासे होते. झाकण उघडताच हवा आत ओढली गेल्याचा ‘सुस्स’ असा आवाज झाला, तर चोर सापडलाच म्हणायचा! मात्र झाकण उघडताना जवळपास विडी-काडी पेटलेली नसावी.

पेट्रोल ठीक असेल, तर संशय ठिणगीवर जातो. बॅटरीचा १२ व्होल्टचा दाब वाढवून हजारो व्होल्ट करण्याचे काम कॉइल करते. तिच्यात तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. तांब्याचे तापमान १०० अंशांनी वाढले, की त्याचा विद्युतरोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. त्यातच वेढ्यांमधले विद्युतरोधक आवरण जीर्ण झालेले असेल, तर उष्णतेने ते अधिकच दुबळे होते आणि वीज प्लगपर्यंत न जाता वाटेतच निसटते. निळी, टपोरी ठिणगी पडायची, ती पिवळट व बारीक पडते, किंवा पडतच नाही. कॉइल निवली, की पुन्हा सारे सुरळीत!

या व्याधीची खरी गंमत, आणि खरी अडचणही, येथेच आहे. फटफटी संध्याकाळी मिस्त्रीकडे नेली, तर ती धडधाकट असते. मिस्त्री नवा प्लग बसवतो, मालक पैसे देतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फटफटी पुन्हा रुसते. ताप उतरल्यावर वैद्याकडे जाऊन ताप किती होता ते कसे कळणार? परीक्षा करायची ती फटफटी अडलेली असतानाच. प्लग काढून पाहावा. तो ओला असेल, तर पेट्रोल फार झाले. कोरडा असेल, तर ते पोहोचलेच नाही. मग तो प्लग वायरीच्या टोपीत बसवून, त्याची धातूची बाजू एंजिनाला टेकवून, कोणी किक मारताना ठिणगी पाहावी. हे काम मोठ्या माणसांचे आहे. तुम्ही दुरूनच पाहा. प्लगच्या उघड्या छिद्रातून पेट्रोलची वाफ येते, ती ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि तापलेला सायलेन्सर तर क्षणात कातडी भाजतो.

पेट्रोल व ठिणगी दोन्ही नीट असूनही एंजिन दाद देत नसेल आणि किक नेहमीपेक्षा हलकी लागत असेल, तर दोष झडपांचा असू शकतो. तापून लांबलेली झडप पुरती मिटत नाही व दाब निसटतो. जुन्या ‘राजदूत’च्या द्विघाती एंजिनात अशा झडपाच नाहीत, त्यामुळे तिच्याबाबत ही शंका घेण्याचे कारण नाही.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या फटफट्यांतून कार्ब्युरेटर गेला. आता टाकीतील पंप पेट्रोल दाबाखाली ठेवतो व ते फवाऱ्याने एंजिनाला मिळते. दाब वाढला की द्रव अधिक तापमानाला उकळतो, हे घरच्या प्रेशर कुकरमध्येही घडते. त्यामुळे वाफेचा त्रास पुष्कळच कमी झाला आहे. कॉइल मात्र या नव्या फटफट्यांतही आहे, आणि तीही तापतेच.