‘जमतंय’ म्हणजे नेमकं किती? घरून येणाऱ्या पैशांचा हिशोब

आजचा भाग जरा घरचा आहे. तुमच्यातले बरेच जण पुण्यात नाहीतर नगरला कॉट बेसिसवर राहून शिकताय. महिन्याच्या सुरुवातीला घरून फोन येतो, “पैसे टाकलेत बरं का.” पण घरच्यांनी नेमके किती टाकायचे?

मी तिसगावचा, पाथर्डी तालुक्यातला. आमच्याकडे पावसाचा भरवसा नाही, तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जातात. मी पुण्यात बीटेक करत होतो तेव्हा अण्णा महिन्याला सहा हजार पाठवायचे. “जमतंय का?” विचारलं की एकच उत्तर, “जमतंय, तू अभ्यास कर.” मीही खोलात गेलो नाही. खरं सांगू, मला ते सोयीचंच होतं. नोकरी लागल्यावर आईनं सांगितलं, की शेवटच्या दोन वर्षांत सहा शेळ्या विकल्या आणि वर चाळीस हजार व्याजाने काढले. त्याच काळात मी घरच्या पैशातून नवा फोन घेतला होता.

आता धाकटी बहीण पुण्याला निघालीय. अण्णा परत म्हणाले, “जमेल.” या वेळी मी वही काढली.

आमचा आकडा असा: कॉट ४,०००, मेस ३,५००, बस आणि मोबाईल १,०००, पुस्तकं-झेरॉक्स आणि वरखर्च १,५००. महिन्याला १०,०००. फी यात धरलेली नाही. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. पण मेस आणि कॉट कुणी माफ करत नाही. घरं अडकतात ती तिथंच.

त्यासाठी सरकारी योजना आहेत, त्या आधी बघा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार’. मुंबई-पुण्यासारख्या शहरात या दोन्हींत वर्षाला ६०,०००, म्हणजे महिन्याला ५,०००. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. उत्पन्नाच्या आणि हजेरीच्या अटी नीट वाचा. आणि हे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येत नाहीत, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांची सोय घरून धरूनच चला.

कायदा काय म्हणतो? १९५६ च्या हिंदू दत्तक व पोषण कायद्यात, स्वतःचं भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला सज्ञान झाल्यावरही आईवडिलांकडून पोषण मागता येतं, आणि पोषणात शिक्षणही धरलंय. मुलाचा हा हक्क सज्ञान होईपर्यंतच. जर्मनीत तर मुलगा असो की मुलगी, पहिलं व्यावसायिक शिक्षण होईपर्यंत खर्च देणं हे आईवडिलांचं कायदेशीर कर्तव्य आहे. पण आपल्याकडे कोर्टात कोण जातंय? आपल्याकडे अडचण उलटी आहे. आईबाप ऐपतीपेक्षा जास्त देतात आणि सांगत नाहीत.

म्हणून माझं मत असं. डोक्यावरचं छप्पर आणि दोन वेळचं जेवण, यात घरच्यांनी हातभार लावावा, पण व्याजाने पैसे न काढता आणि धाकट्यांच्या वाट्याला हात न लावता. उरलेलं योजनेतून, ‘कमवा आणि शिका’तून किंवा स्वतःच्या काटकसरीतून. मात्र प्रॅक्टिकल बुडवून नोकरी करू नका, एक विषय राहिला की सगळी बचत त्यात जाते.

मी म्हणालो, “सगळे मीच देतो.” अण्णा म्हणाले, “मी जिता असताना पोरीला काहीच द्यायचं नाही, हे कसं?” मग वहीत लिहिलं: अण्णा ४,०००, मी ४,५००, बहीण स्वतः १,५००. तिच्या योजनेचे पैसे आले, की आधी अण्णांचा वाटा कमी करायचा. आकडा लिहून झाल्यावर अण्णा पहिल्यांदाच बोलले, “चार जमतील. पाच नसते जमले.”

हेच उत्तर मला सात वर्षांपूर्वी मिळालं असतं, पण मी नीट विचारलंच नव्हतं. आज घरी फोन कराल तेव्हा “पैसे आले” एवढंच म्हणून ठेवू नका. ते कुठून आले, तेही विचारा. भेटू पुढच्या भागात!