घर घेण्यापूर्वीची पायपीट

हळदीचा सौदा करताना व्यापारी मूठभर माल तळहातावर घेतो, एखादे हळकुंड मोडून पाहतो, वास घेतो. तोच व्यापारी आयुष्याची पुंजी घालून घर घेताना मात्र पुष्कळदा मोटारीने जातो, सजवलेली नमुना सदनिका पाहतो आणि तासाभरात विसार देऊन परततो.

कागदपत्रांबाबत व्यापारी कुटुंबे सहसा दक्ष असतात. मालमत्ता पत्रक, तीस वर्षांचा शोध अहवाल हे सर्व वकिलाकडून तपासले जाते. बँकही त्याशिवाय कर्ज देत नाही. परंतु ही कागदपत्रे मालकी सांगतात. गल्लीत पाणी कोठवर चढते, हे त्यांत लिहिलेले नसते. त्यासाठी पायीच हिंडावे लागते.

सांगलीचेच उदाहरण घ्यावे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. हा नकाशा पाहावाच. पण गावभाग, मारुती चौक या बाजूला सावकाश चालत गेल्यास भिंतींवरील ओलीच्या खुणा आणि नंतर उंच केलेले जोते नजरेस पडते. एखाद्या जुन्या दुकानदाराला विचारावे. माल कोणत्या फळीपर्यंत भिजला होता, ते तो हात लावून दाखवील.

एक फेरी पुरत नाही. दुपारी शांत भासणारा रस्ता संध्याकाळी वाहनांनी तुंबतो. जाहिरातीतील ‘देरासर पाच मिनिटांवर’ हे अंतर बहुधा मोटारीचे असते. गुडघे दुखणाऱ्या आजींना सोबत घेऊन तो रस्ता ओलांडून पाहिल्यावर खरे मिनिट कळतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्याने पेढी ते घर हे अंतर त्या वेळी चालून पाहणे श्रेयस्कर.

या फेऱ्या विसारापूर्वीच व्हाव्यात. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारापूर्वी विकासकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे खरे. तरी ६० लाखांच्या घरावर ते ६ लाख होतात. शिवाय पैसे दिल्यानंतर मन दोष पाहण्याचे टाळते.

विकणाऱ्यानेही कोपऱ्यापासून स्वतःच्या घरापर्यंत परक्याच्या नजरेने चालत यावे. तुंबलेले गटार, जिन्यातील बंद दिवा रोजच्या सवयीने दिसेनासा होतो. गिऱ्हाइकाला तोच प्रथम दिसतो. वाटेत ‘विकणे आहे’ अशा रंग उडालेल्या पाट्या दिसल्या, तर त्या भागात सांगितला जाणारा भाव मिळत नाही, असे खुशाल समजावे. वार्षिक मूल्यदर तक्ता संपूर्ण विभागास एकच दर लावतो. रस्त्याच्या दोन बाजूंतील फरक त्याला ठाऊक नसतो.

दोष लपवण्याचा मोह मात्र टाळावा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, साधारण काळजी घेऊनही खरेदीदाराला कळला नसता असा महत्त्वाचा दोष ठाऊक असल्यास तो सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. म्हणजे रंगाखाली झाकलेली पुराची खूण विक्रेत्याच्या अंगाशी येऊ शकते. भिंतीवर उघड दिसणारी खूण पाहायला जो गेलाच नाही, त्या खरेदीदाराची तक्रार मात्र दुबळी ठरते.