धावपट्टी एक, फेऱ्या साडेपाच कोटी

मावशी मुंबईहून विमानाने नागपूरला गेली आणि परत आली, तर मुंबई विमानतळाच्या हिशेबात प्रवासी किती? दोन. जाताना एक, येताना एक. हे आकडे डोक्यांचे नसतात, फेऱ्यांचे असतात.

आता मुंबईचा आलेख पाहा. २०१८-१९ मध्ये सुमारे ४ कोटी ८८ लाख. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि आकडा घसरला. मग कोरोना. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत उड्डाणं ठप्प. २०२०-२१ ची बेरीज जेमतेम १ कोटी १० लाखांच्या आसपास. २०२४-२५ मध्ये मात्र साडेपाच कोटी!

खरी गंमत पुढेच आहे. मुंबईला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरायची. संध्याकाळी घाटकोपरच्या एखाद्या गच्चीवर उभं राहा: एक विमान डोक्यावरून घरघरत उतरतं, तोवर मागच्याचे दिवे दिसू लागलेले असतात. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी २४ तासांत १,०३२ विमानांची ये-जा झाली. म्हणजे सरासरी ८४ सेकंदांना एक. यापुढे विमानं वाढवायला जागाच कुठे? मोठी विमानं आणा, रिकाम्या खुर्च्या भरा, एवढंच हातात उरतं.

म्हणून नवी मुंबई. तिथून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी, आणि पुढची धावपट्टी समांतर असेल, छेदणारी नाही.