खोडदच्या जाळीत सापडलेला हायड्रोजन

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या तबकड्यांमधून आरपार आभाळ दिसतं. पत्रा नाहीच, ताणलेल्या दोरांवर बसवलेली स्टीलच्या बारीक तारांची जाळी. वाऱ्याला वाट मिळते, म्हणून सांगाडा हलका आणि खर्चही कमी. गोविंद स्वरूप यांच्या या कल्पनेतून 1990 च्या दशकात 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण उभी राहिली. जुन्नर-आंबेगावचा हा पट्टा निवडण्यामागे डोंगरांचा आडोसा आणि इथली रेडिओ शांतता ही मोठी कारणं होती.

बटू, म्हणजे छोट्या आणि अंधुक, दीर्घिकांच्या अभ्यासाला ही दुर्बीण किती उपयोगी पडेल, हे पुढच्या दशकात कळलं.

दीर्घिकेत तारे कधी जन्मले, हे शोधायला वेगवेगळी घड्याळं लागतात. तापलेल्या हायड्रोजनचा तांबडा प्रकाश गेल्या सुमारे एक कोटी वर्षांतल्या जन्मांची खबर देतो, तर अतिनील प्रकाश दहा कोटी वर्षांपर्यंतची. त्याहून जुनं काही हवं असेल, तर जवळच्या दीर्घिकेतला एकेक तारा वेगळा ओळखून त्याचा रंग आणि तेज मोजावं लागतं. हबल दुर्बिणीने तेच केलं. सुमारे 32 लाख प्रकाशवर्षांवरच्या डीडीओ 210 या बटू दीर्घिकेत ताऱ्यांच्या जन्माचा बहर सहा ते आठ अब्ज वर्षांपूर्वी आला होता आणि पहिल्या काही अब्ज वर्षांत जेमतेम दहा टक्के तारे बनले होते, असं 2014 साली दिसून आलं.

पण तारे बनतात ते वायूपासून. तो किती उरलाय, कुठे आहे, हे थंड हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटर लहरी सांगतात. खोडदची रचना इथे कामी आली. 14 तबकड्या मध्यभागी दाटीने, उरलेल्या 16 तीन बाहूंवर दूरवर. जवळच्या जोड्यांना विरळ, पसरलेला वायू दिसतो, दूरच्या जोड्यांना बारीक तपशील, आणि दोन्ही एकाच निरीक्षणात हाती लागतं. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्रातले आयेशा बेगम आणि जयराम चेंगलूर यांनी डीडीओ 210 च्या वायूचा नकाशा हबलच्या त्या निकालाच्या दहा वर्षं आधी, 2004 मध्येच मांडला होता. पुढच्याच वर्षी एनजीसी 3741 या दुसऱ्या बटू दीर्घिकेने थक्क केलं: दिसणाऱ्या दीर्घिकेच्या आठपटीहून दूरवर हायड्रोजनची चकती पसरलेली! त्यातून साठाहून अधिक अंधुक दीर्घिकांचं फिग्स सर्वेक्षण उभं राहिलं; त्याचा मुख्य निबंध 2008 चा.

मग संबित रॉयचौधुरी आणि सहकाऱ्यांनी या नकाशांशेजारी गॅलेक्स उपग्रहाची अतिनील चित्रं ठेवली. ज्याच्या खाली ताऱ्यांचा जन्म पूर्ण थांबतो, असा वायूच्या घनतेचा उंबरठा त्यांना 2009 च्या अभ्यासात आढळला नाही. वायू मात्र फार सावकाश खर्च होत होता. आजच्या वेगाने तो संपायला दहा अब्ज वर्षं किंवा त्याहून जास्त लागतील.

या सावकाशपणाचं मोल ऑक्टोबर 2020 मध्ये आणखी उमगलं. आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी श्रेणीसुधारित जीएमआरटीवर 7,653 दूरस्थ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र केले. सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या दीर्घिकांकडे सरासरी एक ते दोन अब्ज वर्षं पुरेल एवढाच अणुरूप हायड्रोजन शिल्लक होता. विश्वातली ताऱ्यांची निर्मिती पुढे का मंदावली, याचं उत्तर या अपुऱ्या साठ्यात सापडतं.