'द ब्लू डेलिया' : अभिजाततेच्या उंबरठ्यावर थांबलेला चित्रपट

फिल्म न्वार म्हटले की डोळ्यांसमोर येतात त्या पावसात भिजलेल्या रात्रीच्या सडका, खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर पडणाऱ्या सावल्या, सिगारेटचा धूर आणि पुरुषाला विनाशाकडे नेणारी एखादी मोहमयी स्त्री. चाळीसच्या दशकातील या अमेरिकन गुन्हेपटांचे नामकरण झाले ते मात्र फ्रान्समध्ये. महायुद्धाच्या काळात अडून राहिलेले हॉलिवूडचे चित्रपट १९४६ मध्ये पॅरिसच्या पडद्यावर एकापाठोपाठ एक झळकले, तेव्हा त्यांतील काळोख पाहून समीक्षक निनो फ्रँक यांनी 'न्वार' म्हणजे 'काळा' हे विशेषण वापरले. आपल्याकडेही गुरुदत्त यांच्या 'बाजी'वर (१९५१) आणि राज खोसला यांच्या 'सी.आय.डी.'वर (१९५६) या शैलीची छाया स्पष्ट दिसते.

परंतु सावल्या, धूर आणि पाऊस असला की चित्रपट उत्तम न्वार ठरतो का? या प्रश्नाचे उत्तर सर्वमान्य शिखरांकडे पाहून मिळतेच असे नाही. त्यासाठी शिखराच्या अगदी जवळ जाऊन थांबलेला एखादा चित्रपट अधिक उपयोगी पडतो. १९४६ सालचा 'द ब्लू डेलिया' हा असा चित्रपट आहे. त्याची चिकित्सा खुनी कोण हे सांगितल्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे ज्यांना तो प्रथमच पाहायचा आहे, त्यांनी तो पाहून मगच पुढे वाचावे.

या चित्रपटाची तुलना 'डबल इन्डेम्निटी'शी (१९४४) करणे न्याय्य आहे. दोन्ही चित्रपट पॅरामाउंटचे आणि त्यांच्या निर्मितीत अंतर जेमतेम दोन वर्षांचे. दोहोंच्या पटकथेवर रहस्यकथाकार रेमंड चँडलर यांचे नाव आहे. जेम्स एम. केन यांच्या कथेवरून 'डबल इन्डेम्निटी' त्यांनी दिग्दर्शक बिली वाइल्डर यांच्यासह लिहिला, तर 'द ब्लू डेलिया' ही सर्वस्वी त्यांची स्वतंत्र पटकथा. दोहोंना ऑस्करची नामांकने मिळाली, पुरस्कार एकालाही मिळाला नाही. इतकेच काय, 'डबल इन्डेम्निटी'त ज्याचा खून होतो त्या पतीची भूमिका करणारे टॉम पॉवर्स 'द ब्लू डेलिया'त खुनाचा तपास करणारे पोलीस कॅप्टन झाले आहेत. तरीही पहिला चित्रपट या प्रकाराचा मानदंड मानला जातो आणि दुसरा जाणकारांच्या यादीत बराच खाली येतो. असे का व्हावे?

'द ब्लू डेलिया'चा आरंभ उत्कृष्ट आहे. नौदलाच्या हवाई दलातील जॉनी मॉरिसन (ॲलन लॅड) आपल्या दोन साथीदारांसह पॅसिफिकच्या युद्धभूमीवरून लॉस एंजलिसला परततो. त्यांपैकी बझ (विल्यम बेंडिक्स) याच्या डोक्याला युद्धात जबर इजा झाली असून कवटीत धातूची पट्टी बसवलेली आहे. कर्कश संगीत कानी पडले की त्याचे डोके फुटू लागते, तो भडकतो आणि मधले काही त्याला आठवत नाही. इकडे जॉनी घरी पोहोचतो तो पत्नीच्या मद्यधुंद मेजवानीत. तिचे 'ब्लू डेलिया' नाइट क्लबचा मालक एडी हारवुड याच्याशी संबंध आहेत. आपला मुलगा आजाराने गेला, असे जॉनीला कळवण्यात आले होते. प्रत्यक्षात पत्नीने दारूच्या नशेत गाडी चालवल्यामुळे झालेल्या अपघातात तो दगावला होता. जॉनी तिच्यावर पिस्तूल रोखतो, पण ते तिथेच टाकून निघून जातो. सकाळी ती त्याच पिस्तुलाच्या गोळीने मेलेली आढळते.

देशासाठी लढून आलेल्या माणसाला घरच उरलेले नाही, ही १९४६ च्या अमेरिकेतील अनेकांच्या मनातील भीती या प्रसंगांत कोणताही आव न आणता व्यक्त होते. बेंडिक्स यांचा बझ तर अविस्मरणीय आहे. मित्रासाठी जीव टाकणारा, काहीसा बालिश आणि त्याच वेळी धोकादायक असा हा माणूस पडद्यावर आला की प्रेक्षक सावरून बसतो. मित्राच्या पत्नीशी त्याची त्या रात्री गाठ पडते, ती कोण हे ठाऊक नसताना तो तिच्या निवासापर्यंत जातो आणि नंतर त्याला धड काही आठवत नाही. चँडलर यांनी कथेची सारी बांधणी या विस्मरणाभोवती केली होती. त्यांच्या मूळ योजनेत खून बझनेच केलेला होता.

ही योजना पडद्यावर आली नाही. युद्धात जखमी झालेला नौसैनिक खुनी दाखवला जाणे अमेरिकन नौदलाला मान्य नव्हते आणि नौदलाचा रोष पत्करण्याची स्टुडिओची तयारी नव्हती. ॲलन लॅड यांना सैन्यात परत बोलावले जाण्याची शक्यता असल्याने अपुऱ्या पटकथेवरच चित्रीकरण सुरू झाले होते. चँडलर यांनी अखेरची पाने घरी बसून, मद्याच्या अमलाखाली आणि डॉक्टरांच्या देखरेखीत पूर्ण केली, असे निर्माते जॉन हाउसमन यांनी पुढे लिहून ठेवले आहे. अखेर खुनाचा आळ आला तो न्यूवेल या हॉटेलच्या वयस्कर खासगी पहारेकऱ्यावर, म्हणजे रहिवाशांची गुपिते हेरून पैसे उकळणाऱ्या एका दुय्यम पात्रावर. एका वेगळ्या कल्पनेची सरधोपट रहस्यकथा झाली, ही खंत चँडलर यांनी आपल्या पत्रव्यवहारात व्यक्त केली होती.

नौदलाने चित्रपट बिघडवला, असे म्हणून हा विषय संपवता येईल. पण ते पुरेसे नाही. केवळ खुनी बदलल्याने नुकसान झाले असते तर ते रहस्यापुरते राहिले असते. येथे बिघडले ते त्याहून मोलाचे आहे. न्यूवेलकडे बोट दाखवले जाताच बाकीचे सारे एका क्षणात निर्दोष ठरतात. बझची हिंसा, त्याचे विस्मरण, जॉनीने पत्नीवर रोखलेले पिस्तूल यांपैकी कशाचाही जाब कोणी विचारत नाही. शिवाय झटापटीत हारवुडही मारला जातो. त्याची दुरावलेली पत्नी जॉइस (वेरोनिका लेक) आणि जॉनी यांच्या मार्गातील दोन्ही अडसर कथेने परस्पर दूर केलेले असतात. लॅड आणि लेक ही 'धिस गन फॉर हायर' (१९४२) पासूनची लोकप्रिय जोडी एकत्र आली म्हणजे प्रेक्षक समाधानाने घरी जाणार, हा हिशेब त्यामागे दिसतो.

रहस्यपट आणि न्वार यांतील सीमारेषा इथेच आहे. रहस्यपटात एक दोषी सापडतो आणि त्याच्या सापडण्याने उरलेले जग शुद्ध होते. न्वारमध्ये दोषी सापडला तरी कोणी शुद्ध होत नाही. 'डबल इन्डेम्निटी'त विमा एजंट वॉल्टर नेफ (फ्रेड मॅकमरे) आपण पैशासाठी आणि एका स्त्रीसाठी खून केल्याची कबुली आरंभीच ध्वनिमुद्रण यंत्रासमोर देतो. रहस्य असे उरतच नाही. म्हणूनच या चित्रपटाविषयी लिहिताना वाचकाला शेवट न सांगण्याची काळजी घ्यावी लागत नाही. एक हुशार, हसतमुख माणूस पावलापावलाने कसा घसरत जातो आणि त्याचा वरिष्ठ कीज (एडवर्ड जी. रॉबिन्सन) त्याच्यावर माया करत असतानाच सत्याच्या किती जवळ येतो, हे आपण श्वास रोखून पाहतो. नेफला विषारी वायूच्या कोठडीत मृत्युदंड दिला जातो, असा शेवट वाइल्डर यांनी चित्रित केला होता. तो त्यांनी वगळला. जखमी नेफच्या सिगारेटला कीज काडी लावून देतो, एवढ्यावर चित्रपट थांबतो. दोष पूर्णपणे नेफचा, तरीही दुःख दोघांचे.

छायाचित्रणातही हाच फरक जाणवतो. 'डबल इन्डेम्निटी'त जॉन साइट्झ यांच्या प्रकाशयोजनेमुळे पट्ट्यांच्या सावल्या तुरुंगाच्या गजांसारख्या नेफच्या अंगावर पडतात. विनोदी चित्रपट आणि वेस्टर्नमध्ये रमणारे जॉर्ज मार्शल यांनी 'द ब्लू डेलिया' सफाईदार आणि वेगवान केला आहे, पण त्यातील प्रकाश प्रामुख्याने ताऱ्यांचे चेहरे उजळण्याच्या कामी येतो.

यावर कोणी म्हणेल, की नायकाला निर्दोष ठरवणे स्टुडिओच्या व्यवस्थेत अपरिहार्यच होते. निकोलस रे यांचा 'इन अ लोन्ली प्लेस' (१९५०) हे त्याला उत्तर आहे. डोरोथी बी. ह्यूज यांच्या मूळ कादंबरीतील नायक खुनी आहे. चित्रपटात त्याला निर्दोष केले गेले. हम्फ्री बोगार्टने रंगवलेला पटकथालेखक डिक्सन स्टीलही युद्धावरून परतलेला आणि अनावर संतापाचा धनी आहे. त्याने खून केलेला नाही, हे कळवणारा पोलिसांचा दूरध्वनी येतो, पण तो येण्याच्या काही क्षण आधी त्याचे हात प्रेयसीच्या गळ्याभोवती असतात. कायद्याने तो सुटतो, स्वतःच्या स्वभावातून सुटत नाही. प्रेम मात्र कायमचे संपते. म्हणजे खुनी बदलूनही न्वारचा गाभा राखता येत होता. बझ निर्दोष ठरल्यावरही त्याच्या डोळ्यांत 'मी हे करू शकलो असतो' ही जाणीव ठेवता आली असती. 'द ब्लू डेलिया'ने ती संधी घेतली नाही.

असे असूनही हा चित्रपट पाहावा, तो त्याच्या पहिल्या तासासाठी, चँडलर यांच्या धारदार संवादांसाठी आणि बेंडिक्स यांच्यासाठी. युद्ध जिंकून आलेल्या देशाला आपल्याच जखमी सैनिकाच्या मनातील काळोख पाहायचा नव्हता, याची ही एक नोंदही आहे. हा काळोख दाखवण्याची तयारी चँडलर यांच्या पटकथेत होती, पण चित्रपट अखेरच्या क्षणी दिवे लावून मोकळा झाला. थोर न्वार आणि चांगला न्वार यांत अंतर असते ते एवढेच, आणि ते फार मोठे असते.